सोनं वितळण्याआधी

गिऱ्हाईक सोनाराला आधी वजनच विचारतं: ‘साधारण किती ग्रॅममध्ये बसेल?’ पूर्वी मुरलेला कारागीरही यावर अंदाजच सांगायचा, आणि अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक आजच्या भावात लहान नाही. पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका छोट्या कारखान्यात मी पाहिलं, तेव्हा हे उत्तर संगणकावर मिळत होतं आणि सोनं अजून तिजोरीतच होतं.

डिझाइन करणाऱ्या मुलाने कोयरीच्या अंगठीचा गोल पट्टा १.८ मिलिमीटरवरून १.५ वर आणला. कोपऱ्यातला आकडा साडेसहा ग्रॅमवरून साडेपाचच्या आसपास आला. हिशेब सरळ आहे. बावीस कॅरेटचं सोनं एका घनसेंटिमीटरला सुमारे पावणेअठरा ग्रॅम भरतं आणि अंगठीचं आकारमान संगणकाला माहीत असतं. पुढे कानस आणि पॉलिशमध्ये जाणारी घट मात्र कारागीरच धरतो.

मग थ्रीडी प्रिंटर. चार्ल्स हल यांना या पद्धतीचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. आता हे यंत्र टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं. खालच्या ट्रेमध्ये पातळ रेझिन असतं. त्यावर प्रकाश पडला, की तेवढाच भाग घट्ट होतो. एका मिलिमीटरला वीस ते चाळीस थर. ट्रेवरची पट्टी हळूहळू वर सरकते आणि तिला उलट्या लटकलेल्या अंगठ्या दिसू लागतात, बारीक काड्यांच्या आधाराने. त्या अल्कोहोलमध्ये धुतात, तेही हातमोजे घालूनच. ओलं रेझिन कातडीला बाधतं.

पुढचं काम जुनंच, ओतकामाचं. अंगठ्या मेणाच्या दांडीला फांद्यांसारख्या जोडतात. कारखान्यात याला झाडच म्हणतात. झाड स्टीलच्या नळकांड्यात उभं करून वरून प्लास्टर ओततात, हवेचे बुडबुडे पंपाने ओढून घेतात आणि नळकांडं रात्रभर भट्टीत ठेवतात. तापमान टप्प्याटप्प्याने सातशे अंशांच्या पुढे जातं. मेण वितळून वाहून जातं, रेझिन मात्र जळूनच जावं लागतं. थोडी जरी राख आत राहिली, तरी सोन्यावर टोचल्यासारखे खड्डे येतात. भट्टी घाईने तापवायची नाही, हे तिथल्या वयस्क कारागिराने मला दोनदा बजावलं. यंत्राचं सगळं यश इथे त्याच्या धीरावर उभं आहे, असं मला वाटतं.

सोनं ओतल्यावर गरम नळकांडं पाण्यात बुडवलं, की प्लास्टर फुटून सुटतं आणि मळकट पिवळं झाड हाती येतं. कापणं, घासणं, खडे बसवणं, चकाकी आणणं हे सगळं त्यानंतर, हातानेच. ठुशी या वाटेने होत नाही. पातळ पत्र्यावर ठसा मारून होणारे हलके दागिनेही नाहीत. ओतलेलं सोनं तेवढं पातळ येत नाही.

लहान सोनाराला हे यंत्र विकत घ्यावं लागत नाही. तो व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवतो, बाहेरचा डिझायनर फाइल करतो आणि रेझिनचा नग किंवा ओतलेली अंगठीच परत येते. पूर्वी नव्या नक्षीसाठी आधी धातूचा नमुना घडवायचा, मग त्यावरून रबरी साचा. एका अंगठीसाठी तो खर्च परवडत नसे. आता एकच नग करता येतो. आजीच्या जुन्या कोयरीसारखीच हवी, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पेठेतला सोनारही हो म्हणू शकतो.

म्हणूनच फाइल कोणाची, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, लागतो. शिक्का मोठ्या शोरूमचा आणि पेठेतल्या दुकानाचा सारखाच. शुद्धतेचा विश्वास आता दोघांकडे आहे. वेगळेपण उरतं ते नक्षीत, आणि नक्षी त्या फाइलमध्ये असते. ती बाहेरच्या डिझायनरकडेच राहिली, तर उद्या तीच कोयरी समोरच्या दुकानातही दिसेल. डिझाइनचे पैसे मोजले असतील, तर सोनाराने छपाईच्या एसटीएल फाइलसोबत बदल करता येणारी मूळ फाइलही मागून घ्यावी, आणि नक्षी दुसऱ्याला देणार नाही हे बिलावरच लिहून घ्यावं.