नदीचें मूळ पाहावें

‘ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ पाहूं नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. उगमाशीं नदी क्षुद्र दिसते, आणि एकदां क्षुद्र दिसलेल्या वस्तूविषयीं आदर उरत नाहीं, असा तिचा आशय. ऋषींचें राहो, परंतु नदीपुरती तरी ही म्हण बाजूस ठेवावी, निदान नेवासें तालुक्यांतील कुटुंबांनीं ठेवावी, असें सुचविण्यासाठीं हा लेख आहे.

आमचें घोडेगांव हें गुरांच्या बाजाराचें आणि बेताच्या पावसाचें गांव. वर्षास वीस-बावीस इंच पाऊस झाला कीं लोक समाधान मानतात. याच तालुक्यांतून प्रवरा वाहते. तिच्या तीरीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें श्रीज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. तेथेंच मोहिनीराजाचें मंदिर आहे. आणि पुढें टोक्याजवळ प्रवरासंगमीं ती गोदावरीस मिळते. पर्वकाळीं तेथें स्नानास जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. पण हें पाणी कोणत्या डोंगरावरून येतें असें घरांतील मुलांस विचारून पाहावें. बहुतेक मुलें धरणाचें नांव सांगून थांबतात. धरण हा नदीचा मुक्काम झाला. तें तिचें माहेर नव्हे.

तिचें माहेर आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोलें तालुक्यांतील रतनगडाच्या कुशींत आहे. हा मुलूख १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. राहुरी, संगमनेर, अकोलें, राजूर असें करीत भंडारदऱ्यास पोंचतां येतें. बहुतेक प्रवासी येथेंच थांबतात. वाटेवर सुमारें १७० फूट उंचीचा रंध्याचा धबधबा आहे. तो अवश्य पाहावा. मात्र १९१० सालीं आरंभिलेलें व १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण त्याच्या वरच्या अंगास आहे. त्यामुळें धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे रंधा गर्जतो, आणि मिटले म्हणजे ओसरतो. ज्यास मोकळें, कोणाच्या हुकुमावांचून पडणारें पाणी पाहावयाचें असेल, त्यानें जलाशयास वळसा घालून सुमारें वीस किलोमीटर पुढें रतनवाडीस जावें, आणि तेथून पायीं निघावें.

रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन कोरीव देवालय व त्याजवळ सुबक पुष्करिणी आहे. देवालयापासून गडाची वाट एका ओढ्याच्या कांठाकांठानें रानांत शिरते व तोच ओढा ठिकठिकाणीं ओलांडते. हा ओढा म्हणजेच प्रवरा. पावसाळ्याच्या अखेरीस दोन्हीं बाजूंच्या कड्यांवरून लहानमोठे धबधबे त्यास येऊन मिळतात. त्यांतील कित्येकांस नांवही नाहीं, म्हणून तेथें गर्दीही नाहीं. पाण्याचा आवाज, एखाद्या शेकरूची झाडावरील धांव, आणि आपलींच पावलें, एवढेंच काय तें ऐकूं येतें.

पाणी येथें एवढ्या पायऱ्यांनीं कां पडतें, हें मुलांस जागेवरच दाखवितां येतें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरून हा सह्याद्रि घडला. त्यांतील कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानें आधीं झिजतो, वरचा कठीण थर ओठासारखा पुढें राहतो, आणि तेथून पाणी उडी घेतें. पश्चिम समुद्र येथून जेमतेम शंभर किलोमीटर; पण हा ओढा त्याकडे पाठ फिरवून प्रवरेच्या व गोदावरीच्या रूपानें सारें दख्खन ओलांडून पूर्वसमुद्रास जातो.

आणखी एक गोष्ट वडील मंडळींनीं सांगावी. प्रवरेस ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. समुद्रमंथनाच्या कथेंतील अमृताचें नांव उगमाशीं अमृतेश्वरानें धारण केलें आहे, आणि तें अमृत वाटणारी मोहिनी नेवाशास बसली आहे. पूर्वजांनीं एकाच कथेनें नदीचा वरचा व खालचा प्रदेश बांधून ठेविला. आपण मात्र खालचें टोंक तेवढें धरून बसलों.

तें वरचें टोंक पाहिल्यावर जी गोष्ट मनास टोंचते, ती सौंदर्याची नव्हे. या घाटमाथ्यावर वर्षास दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या सुमारें दसपट. तरीही या पट्ट्यांतील कांहीं वाड्यांवरील महादेव कोळी व ठाकर स्त्रियांस वैशाखांत हंडे घेऊन दूरवर चालावें लागतें. उतार तीव्र, माती थोडी, खडक पाणी मुरूं न देणारा. जें पडतें तें खालीं धांवतें, आणि धरणांत सांठून आपल्या उंसास मिळतें. धबधबा पाहून आनंद मानणाऱ्यानें हा हिशेबही पाहिला पाहिजे. म्हणून तेथें गेल्यावर वाटाड्या गांवांतीलच घ्यावा, जेवण तेथील घरींच सांगावें, आणि मोबदला देतांना घासाघीस करूं नये. तो उपकार नव्हे. ती ऋणाची अल्पशी फेड होय.

आतां सावधगिरीचे चार शब्द. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. पायाखालीं थोडें पाणी असलें तरी वर डोंगरांत सर कोसळली तर तें कांहीं मिनिटांत चढतें. पाणी एकाएकीं गढूळ झालें, पालापाचोळा वाहूं लागला किंवा आवाज वाढला, कीं क्षणभरही न थांबतां उंच जागीं जावें. गुडघ्यावर पाणी असेल तर ओढा ओलांडूं नये. धारेखालीं उभें राहूं नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. आषाढ-श्रावणाचा जोर टाळून गणपतीनंतर, पाऊस निवळल्यावर जावें. तेव्हां पाणीही भरपूर असतें आणि माळावर सोनकीचीं पिवळीं फुलेंही असतात. सुटीचा वार टाळल्यास उत्तम.

एकत्र कुटुंबानें जातांना एवढें पाहावें कीं, घरांतील स्त्रियांची सहल म्हणजे डोंगरावर मांडलेला स्वयंपाक होऊं नये. दशम्या व शेंगदाण्याची चटणी आदल्या दिवशीं सर्वांनीं मिळून करावी, आणि ओझें पुरुषांनीं उचलावें. ज्यांस चालवत नाहीं अशा आजीआजोबांनीं अमृतेश्वराच्या ओवरींत बसून पुष्करिणी पाहावी. त्यांस कमी पडल्यासारखें वाटणार नाहीं. शिल्लक उरलेला कागद, पिशवी, निर्माल्य, सारें परत आणावें. तेथें टाकलेली वस्तु दूर गेली असें वाटतें खरें. पण तो ओढा आपल्याच तालुक्याकडे निघालेला असतो.

उगमाशीं नदी लहान दिसते हें म्हणीचें म्हणणें खोटें नाहीं. ती एका ओंजळींत मावते. पण जी वस्तु ओंजळींत मावते, तिचीच जपणूक मनुष्य मनापासून करतो. आणि म्हणूनच मुलांनीं ती तेथें एकदां तरी हातीं धरावी.