डिप्रेशनचा 'एक जीन' असतो का? डीएनए रिपोर्ट उघडण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राने मला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून केलेल्या डीएनए टेस्टचा रिपोर्ट होता. त्यातल्या एका ओळीभोवती त्याने लाल गोल केला होता: सेरोटोनिन जीन, शॉर्ट/शॉर्ट, डिप्रेशनचा धोका जास्त. खाली मेसेज होता, "आईला पण होतं. म्हणजे माझं ठरलंच ना?"

'काही होत नाही रे, झोप' असं लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण ही ओळ कंपनीने हवेतून आणलेली नव्हती. तिच्यामागे एकेकाळचं खूप गाजलेलं संशोधन आहे. ते नंतर का कोसळलं, हे समजलं तर असा कुठलाही रिपोर्ट वाचायला सोपं जातं. चला, क्रमाने बघूया.

ही शॉर्ट-लाँग भानगड काय आहे?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलताना काही रसायनं सोडतात. सेरोटोनिन हे त्यातलं एक. काम झालं की ते परत आत ओढून घेणारं एक प्रोटीन असतं. डिप्रेशनवरची फ्लुओक्सेटिनसारखी औषधं याच प्रोटीनला अडवतात. हे प्रोटीन बनवणाऱ्या जीनच्या सुरुवातीला डीएनएचा एक तुकडा असतो. काहींमध्ये तो लांब असतो, तर काहींमध्ये चाळीसेक अक्षरांनी आखूड. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन कॉपी आपल्याला मिळतात. मित्राच्या दोन्ही कॉपी शॉर्ट होत्या, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

मग मेंदूचा संबंध कुठून आला?

२००२ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या अहमद हरिरी आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी निरोगी लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये झोपवून घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवले. शॉर्ट कॉपी असलेल्यांचा अमिग्डाला जास्त जोरात प्रतिसाद देताना दिसला. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला बदामाएवढा भाग, जो धोका ओळखण्यात पुढे असतो.

पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या ८४७ लोकांचा अभ्यास आला. आयुष्यात मोठे ताण आले, तर शॉर्ट कॉपीवाल्यांना डिप्रेशन जास्त होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. गोष्ट किती छान जुळली बघा: जीन, अमिग्डाला, ताण, डिप्रेशन. माध्यमांनी ती उचलून धरली नसती तरच नवल!

गडबड कुठे झाली?

पहिली गडबड आकड्यांची. २००२ च्या त्या प्रयोगात फक्त २८ जण होते. चौदा-चौदांचे दोन गट. इतक्या कमी लोकांत योगायोगानेही मोठा फरक दिसू शकतो. मेंदूच्या स्कॅनचा माणसाच्या स्वभावाशी किंवा आजाराशी भरवशाचा संबंध लावायला हजारो लोक लागतात, हे २०२२ मध्ये 'नेचर'मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवलं.

दुसरी गोष्ट मशीनची. एफएमआरआय 'विचार' बघत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांनी तिथे ऑक्सिजनवालं रक्त वाढतं आणि मशीन तो बदल मोजतं. फोनच्या पाठीला हात लावून 'गरम झालाय, म्हणजे प्रोसेसर काहीतरी जड करतोय' असा अंदाज बांधतो ना, साधारण तसंच. अंदाज बरोबर असतो, पण आत गेम चालू आहे की व्हिडिओ, हे नुसत्या हाताने कळत नाही. अमिग्डालाचंही तेच. तो भीतीदायक चेहऱ्याला जागा झाला म्हणजे डिप्रेशन झालं, असं नाही. त्या प्रयोगातले लोक तर निरोगीच होते.

तिसरा आणि सगळ्यात मोठा धक्का २०१९ मध्ये बसला. डिप्रेशनशी ज्यांचं नाव वर्षानुवर्षं जोडलं जात होतं, असे १८ जीन लाखो लोकांच्या डेटावर तपासले गेले. आपला हा सेरोटोनिनवाला जीनही त्यात होता. इतर कुठल्याही जीनपेक्षा या अठरांचा डिप्रेशनशी वेगळा असा काहीच संबंध सापडला नाही. ताण जमेस धरूनसुद्धा नाही.

अजून एक गंमत. शॉर्ट कॉपी युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा पूर्व आशियात कितीतरी जास्त आढळते. म्हणून तिथे डिप्रेशन त्या प्रमाणात जास्त दिसतं का? नाही.

म्हणजे जीनचा काहीच हात नाही?

आहे, पण वेगळ्या पद्धतीने. फोनची बॅटरी लवकर उतरते तेव्हा आपण एक दोषी ॲप शोधतो. कधीकधी मात्र शेकडो ॲप्स बॅकग्राउंडला थोडी थोडी बॅटरी खात असतात. डिप्रेशन तसं आहे. २०२५ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये २९ देशांतल्या सुमारे ५० लाख लोकांचा अभ्यास आला. त्यात डिप्रेशनशी संबंधित जवळपास ७०० जनुकीय फरक सापडले. एकेकट्याचा परिणाम अगदी किरकोळ. हे फरक ज्या पेशींकडे बोट दाखवतात, त्यात अमिग्डालातल्या पेशीही आहेत. म्हणजे मेंदूतली जागा चुकीची नव्हती. 'एक जीन, एक भाग, एक आजार' हे गणित चुकीचं होतं.

जुळ्यांच्या अभ्यासांतून डिप्रेशनची आनुवंशिकता साधारण ३७ टक्के येते. हा आकडा वाचताना जपून. 'मला डिप्रेशन व्हायची शक्यता ३७ टक्के' असा त्याचा अर्थ नाही. लोकालोकांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला साधारण इतका वाटा जीनमधल्या फरकांचा, असा आहे. उरलेला वाटा परिस्थितीचा: आयुष्यातले धक्के, आजारपण, एकटेपणा, पैशाची ओढाताण. घरात कोणाला डिप्रेशन असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण वाढलेला धोका म्हणजे निकाल नव्हे.

मग मित्राला मी काय सांगितलं?

हे सगळं समजावून झाल्यावर मी विचारलं, "पण तुला ही टेस्ट करावीशी का वाटली?" बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं: दोन महिने झोप नाही, क्रिकेटसुद्धा बघावंसं वाटत नाही, कामावर लक्ष लागत नाही.

खरी माहिती ही होती, आणि रिपोर्टने ती विचारलीच नव्हती. डिप्रेशनचं निदान ना डीएनएवरून होतं, ना स्कॅनवरून. डॉक्टर लक्षणं विचारतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली, तर दाखवायला हवं. रिपोर्टमध्ये 'धोका कमी' लिहिलं असलं तरीही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. आता तो उपचार घेतोय आणि परवा मॅचच्या स्कोअरवरून माझ्याशी भांडला. मला बरं वाटलं.

तुमच्या किंवा जवळच्या कोणाच्या बाबतीत असं काही चालू असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आणि चोवीस तास सुरू असते. मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर वाट बघू नका, आत्ताच फोन करा. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.