साखळीत पळणारा गडी का सापडत नाही?

शाळेचा खो-खोचा संघ निवडताना बरेचदा आधी शंभर मीटरची शर्यत लावली जाते. पहिले बारा येतील ते संघात, उरलेले टाळ्या वाजवायला. सामन्यात मात्र शर्यतीत पहिला आलेला मुलगा अर्ध्या मिनिटात बाद होऊन बाहेर येतो, आणि मागे राहिलेला एखादा किरकोळ अंगाचा मुलगा दोन-दोन मिनिटे कोणाच्या हाती लागत नाही. तो साखळी खेळत असतो. पळतीचा हा प्रकार मोडणे एवढे अवघड का, याचे उत्तर पायांच्या ताकदीपेक्षा मैदानाच्या भूमितीत आणि घर्षणात सापडते.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधायला सुरुवात झाली. त्या नियमांतच साखळीचे बीज आहे. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर, त्यांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पट्टी, आणि तिच्यावर आठ चौकोन. शेजारच्या दोन चौकोनांच्या मध्यांत सुमारे २.६५ मीटर अंतर असते. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याने मधली पट्टी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरायचे नाही, आणि बाजू बदलायची तर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यायचा. पळणाऱ्याला यांतले एकही बंधन नाही. बसलेल्याला धक्का मात्र लागता कामा नये.

आता फळ्यावर आठ ठिपके काढून त्यांना क्रमांक द्या. समजा, विषम क्रमांकाचे गडी उत्तरेकडे आणि सम क्रमांकाचे दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. एकेरी साखळी खेळणारा मुलगा दोन नंबरच्या उत्तरेने जातो, दोन आणि तीनच्या मधून पट्टी ओलांडतो, तीनच्या दक्षिणेने जातो, मग चारच्या उत्तरेने. म्हणजे तो प्रत्येक वेळी बसलेल्याच्या पाठीमागून जातो! पाठलाग करणारा उत्तरेच्या बाजूला आहे आणि पळणारा नुकताच दक्षिणेला निसटला आहे. आता खो देता येईल तो उत्तरेकडे पाठ असलेल्यालाच, आणि त्यांतला सर्वांत जवळचा म्हणजे दोन नंबर. तो दक्षिणेला उठेपर्यंत पळणारा तीनच्या पाठीमागे पोहोचलेला असतो. तिथे पोहोचावे तर हा पुन्हा उत्तरेला गेलेला. पाठलाग सतत एका चौकोनाने मागे राहतो. हाच मुलगा चुकून एक ठिपका पुढे-मागे झाला, तर त्याची सगळी साखळी बसलेल्यांच्या तोंडासमोरून जाऊ लागेल आणि पहिल्याच खोला तो हातात सापडेल. साखळीत वेगाआधी हा मेळ साधावा लागतो. विद्यार्थ्यांना तो मैदानावर समजावण्याआधी वर्गात काढून दाखवावा, असे आम्हाला वाटते.

पण वळत पळायचे तर वेग कमी करावा लागणार. वळताना शरीराला आत ओढणारे बल पुरवते ते तळपाय आणि जमीन यांतले घर्षण. त्याची मर्यादा अशी: वेगाचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या. समजा, घर्षण गुणांक ०.६ आहे आणि पळणारा मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ६० सेंटिमीटर जाणारी लाट काढतो. एकेरी साखळीत लाटेच्या शिखरापाशी त्रिज्या सुमारे १.२ मीटर येते आणि वेग सेकंदाला २.७ मीटरच्या आत ठेवावा लागतो. त्यासाठीसुद्धा अंग उभ्या रेषेपासून ३१ अंश आत झुकवावे लागते. सरळ धावायची सवय असलेला मुलगा इथेच घसरतो.

दुहेरी साखळीत दोन-दोन गडी टाकून पट्टी ओलांडायची. लाट दुप्पट लांब झाली, पण त्रिज्या दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे वेग दुप्पट करता येतो, सेकंदाला सुमारे ५.३ मीटर. गंमत अशी की दोन्ही प्रकारांत बाजू बदलायला लागणारा वेळ जवळपास सारखाच येतो, सेकंदाहून थोडा जास्त. खो मिळालेल्या गड्याला भान येऊन उठायला ०.४ सेकंद लागले आणि त्याचे त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर उरलेल्या ०.७ सेकंदात तो जेमतेम एक मीटर जातो. म्हणून तर सूर मारावा लागतो. दुहेरी साखळीत दर दोन गड्यांपैकी एकाच्या तोंडासमोरून जावेच लागते. त्या जोखमीची भरपाई वेगाने होते.

तिसरा प्रकार गोलाचा. मैदानाच्या मध्यावर दोन-तीन गड्यांभोवती घिरट्या घालायच्या. मागे फिरता येत नसल्याने पाठलाग करणाऱ्याला प्रत्येक वळणावर खो द्यावा लागतो. खांबाजवळ मात्र हा डाव धोक्याचा, कारण तिथे दिशा बदलायची मुभा मिळते.

समोरच्याला आधी ठरवायला लावायचे आणि मग आपण ठरवायचे, ही युक्ती दूरच्या खेळातही दिसते. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. १९६८ साली टेक्सास विद्यापीठाच्या संघाने त्यात एक रचना आणली. चेंडू कोणी न्यायचा हे आधी ठरलेलेच नसे. बचावातल्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडत, तो ज्याच्यावर धावेल त्याला वगळून चेंडू दुसऱ्याकडे जाई. आपल्याकडचा उठलेला गडी एकदा दिशा घेऊन बसला की पळणारा उलट वळतो, तसेच हे.

घर्षण गुणांक ०.६ आम्ही सोयीसाठी धरला. नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिकट. जिरायती भागात मुरमाड मैदाने, त्यांवर सुटे खडे. एकाच मुलाची साखळी या दोन जमिनींवर सारखी पडणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली ती मॅटवर. प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या हाताखाली भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. मॅटवर पाय धरतो, मातीवर सरावलेल्याला तिथे नवा वेग शोधावा लागतो. आणि कडक मुरमावर खांबाचा सूर शिकवणे आम्हाला तरी मान्य नाही. आधी माती भुसभुशीत करून घ्यावी.

आपल्या मैदानाचा गुणांक काढणे अवघड नाही. मुलाच्या बुटात दोन किलो वजने ठेवा, प्रयोगशाळेतला ताणकाटा बांधून जमिनीला समांतर ओढा. बूट हलता क्षणी काटा दाखवील त्या आकड्याला बूट-वजनांच्या एकूण वजनाने भागा. अनवाणी खेळणाऱ्यांसाठी हे उत्तर चालणार नाही, त्यांचा वेग थेट मोजावा. २.६५ मीटरवर आठ विटा मांडा, एकेरी आणि दुहेरी साखळीची वेळ घड्याळावर घ्या, आणि तीच मुले शंभर मीटरला कितवी येतात तेही शेजारच्या रकान्यात लिहा.