बिनसावलीची दुपार

दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुशिक्षित माणसेही हे विधान निःशंकपणे करतात. वस्तुतः महाराष्ट्रातील कोणत्याही गावी सूर्य वर्षातून केवळ दोन दिवस माथ्यावर येतो. एरवी मध्यान्हीही तो दक्षिणेस वा उत्तरेस थोडाबहुत कललेला असतो. त्या दोन दिवशीही घड्याळात बरोबर बारा वाजलेले नसतात. हे पडताळण्यास एक काठी पुरते. तरीही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, कारण कोणी सावलीकडे मुद्दाम लक्ष देऊन पाहिलेले नसते.

पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस तेवढ्याच अंशांपर्यंत सरकलेला दिसतो. हे सरकणे ज्या दिवशी गावाच्या अक्षांशाइतके होते, त्या दिवशी मध्यान्ही उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सर्व महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने प्रत्येक गावास हा योग लाभतो. दिल्लीस तो कधीच लाभत नाही. कोल्हापुरास 6 मे, पुण्यास 14 मे, मुंबईस 16 मे, नाशकास 20 मे व नागपुरास 26 मे या तारखांच्या सुमारास सावली लोपते. दुसरा दिवस जुलै–ऑगस्टमध्ये येतो. परंतु तेव्हा बहुधा आभाळ झाकलेले असते.

प्रयोगाची तयारी अल्प आहे. पटांगणातील सपाट जागी एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने तपासून उभी करावी. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून वेळ लिहावी. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली आहे. त्याच्या पश्चिमेस प्रत्येक अंशामागे मध्यान्ह चार मिनिटे उशिरा होते. म्हणून मे महिन्यात मुंबईस सुमारे 12 वाजून 35 मिनिटांनी, तर नागपुरास सुमारे 12 वाजून 10 मिनिटांनी मध्यान्ह होते. मुलांनी केवळ सावलीच पाहावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. नेमक्या तारखेच्या आदल्या वा दुसऱ्या दिवशी सावली चारपाच मिलिमीटरच असते. तेव्हा एका दिवसाचा फरक साध्या काठीने कळणे कठीण, हेही सांगावे.

मे महिन्यात शाळांना सुटी असते. परंतु ही अडचण नसून संधी आहे. शाळेचा प्रयोग त्यामुळे गावाचा प्रयोग होऊ शकतो. पारावरील वडीलधाऱ्या मंडळींस व शेतकऱ्यांस बोलवावे, आणि निष्कर्ष आधी न सांगता प्रत्येकास आपला अंदाज सांगू द्यावा: सावली कोठे पडेल, किती वाजता सर्वांत आखूड होईल? अंदाज चुकला म्हणून कोणाचा उपहास होऊ नये. ढग आले किंवा काठी कलली, तर तेही वहीत नोंदवावे.

सुटीत मुले आजोळी जातात. प्रत्येकाने तेथे सावली लोपण्याची तारीख टिपून आणावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नोंदी एकत्र मांडल्या, म्हणजे तारीख दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेल्याचे दिसेल. गावोगावी सावली निराळी का, या प्रश्नातूनच इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर काढला. भारतीय ज्योतिषीही बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेवरून दिशा व काळ ठरवीत. जूनमध्ये मध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते, हेही मुलांनी तेव्हाच पडताळावे.

एवढा खटाटोप केवळ सावलीसाठी नाही. व्याख्यानात सांगितलेले विज्ञान लोक मान डोलावून ऐकतात. पण घरात साप चावला की तेच लोक मांत्रिकाकडे धाव घेतात आणि दवाखान्यात पोहोचण्याचा मोलाचा वेळ गमावतात. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या ऐकलेल्या गोष्टीपुढे सहज हार खाते. स्वतः पाहिलेली गोष्ट मात्र माणसास ‘हे कशावरून?’ असे विचारावयास शिकविते. काठीच्या सावलीस विचारलेला हा प्रश्न उद्या अंगारा देणाऱ्यासही विचारला जाईल, आणि शिक्षकासही. शिक्षकाने त्याचे स्वागतच करावे.

वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. हे कर्तव्य फलकावर लिहून साधत नाही. त्यास सवय लागते. ती सवय लावण्यास एक काठी, थोडे ऊन आणि प्रश्न विचारू देणारा शिक्षक एवढे साहित्य प्रत्येक गावी उपलब्ध आहे.