संघमालकाचे चरित्र लिहिताना

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला मालक नसतो, पेठ असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे घेतली की तालीम आठवते, वर्गणीचे पुस्तक आठवते आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर घसा कोरडा करणारी माणसे आठवतात. तेव्हा खेळाडूंचा आख्खा संघ लिलावात बोली लावून विकत घेता येतो, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडावयास वेळ लागला. आता ती पडली आहे. संघ आले, तसे संघमालक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची चरित्रेही येऊ लागली. परंतु अशी चरित्रे बहुधा दोनच तऱ्हेची असतात. एक तर आरती, नाहीतर शिमगा. या दोहोंच्या पलीकडे जाऊन धनवंताचे चरित्र न्यायाने कसे लिहावे, हा आमचा आजचा विषय आहे.

आम्ही साहित्यिक नव्हे. आमचा जन्म कामगार संघटनेच्या कामात गेला, आणि मालकांविषयी आम्ही जे काही लिहिले ते पत्रकांतून लिहिले. त्यातलेच एक पत्रक आम्हाला या विषयाचा पहिला धडा देऊन गेले. तरुणपणी एका कारखान्यातील जादा कामाच्या वेतनाबद्दल आम्ही झगडत होतो. त्या मालकाला व्हॉलीबॉलचा भारी नाद होता. खेळणाऱ्या कामगारांना हलकी पाळी मिळे आणि सामन्याच्या दिवशी भरपगारी रजा. आम्ही आवेशात लिहून टाकले, ‘मालकाने जादा कामाची दमडीही दिली नाही.’ दुसऱ्या दिवशी मालकाने पगारपत्रक फाटकावर चिकटवले. निम्मी रक्कम दिलेली होती, निम्मी बुडवलेली होती. बुडवलेल्या निम्म्याची चर्चा बाजूलाच राहिली, आणि संघटना खोटी पडली. तेव्हा एक वयस्क फिटर आम्हाला म्हणाले, “पोरा, दिलंय तेवढं दिलंय म्हणून लिव. मग बुडवलंय तेबी लोकं ऐकत्यात.” चरित्रलेखनाचे याहून सोपे सूत्र आम्हाला आजतागायत कोठे मिळालेले नाही.

ते सूत्र एका खऱ्या उदाहरणावर लावून पाहू. सहारा उद्योगसमूहाचे प्रमुख सुब्रत रॉय हे ‘पुणे वॉरियर्स’ या क्रिकेट संघाचे मालक होते. 14 नोव्हेंबर 2023 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गेलेल्या माणसास उत्तर देता येत नाही, म्हणून चरित्रकाराची जबाबदारी अधिक.

प्रथम, कोणती हकीकत कोणाच्या तोंडची आहे, हे वाचकाला सांगितले पाहिजे. रॉय यांचा जन्म 10 जून 1948 रोजी बिहारमधील अररिया येथे झाला. 1978 साली गोरखपूर येथे दोन हजार रुपयांचे भांडवल आणि एक स्कूटर एवढ्यावर आपण आरंभ केला, असे संस्था सांगत आली. चरित्रकाराने हे अवश्य लिहावे, पण ‘संस्था सांगते’ हे दोन शब्द गाळू नयेत. रॉय स्वतःला ‘मॅनेजिंग वर्कर’, म्हणजे व्यवस्था पाहणारा कामगार, म्हणवून घेत आणि संस्थेला परिवार म्हणत. आम्हा कामगार संघटनेवाल्यांना हे वाचून प्रथम हसू येते. ज्या घरात वडीलमाणूसच सर्व काही ठरवतो, त्या घरात संघटनेला पाट मांडला जात नाही, हा आमचा अनुभव. तथापि आमचे हसू हा पुरावा नव्हे. त्या परिवारात मान मिळाला असे मानणारे कर्मचारीही असतील, आणि चरित्रात त्यांचेही म्हणणे आले पाहिजे.

या माणसावर एक पुस्तक निघाले, त्याचीच कथा बोधप्रद आहे. पत्रकार तमाल बंद्योपाध्याय यांचे ‘सहारा : द अनटोल्ड स्टोरी’ हे पुस्तक तयार झाले, तेव्हा सहाराने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेऊन प्रकाशन थांबवले आणि 200 कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुढे तडजोड झाली, आणि 2014 मध्ये सहाराचे निवेदन सोबत छापून ते पुस्तक बाहेर आले. रॉय यांनी तुरुंगात लिहिलेले ‘लाइफ मंत्राज’ 2016 मध्ये निघाले, त्याला अशी काही आडकाठी आली नाही. धनवंताचे चरित्र आणि गरिबाचे चरित्र यांत हा भेद पहिल्या पानापासून असतो. एकाला आपली बाजू छापून घेता येते, दुसऱ्याकडे स्वतः चालत जाऊन ती विचारावी लागते.

आता जमेची बाजू. ती हात राखून लिहिता कामा नये. 2001 पासून 2013 अखेरपर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर सहाराचे नाव होते. हॉकीच्या राष्ट्रीय संघालाही सहाराने अनेक वर्षे पैसा पुरवला. आपल्याकडे पैलवानाला खुराक देणाऱ्याचे नाव आदराने घेतात. 1912 साली खासबाग मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांच्या या नगरीला खेळाच्या आश्रयदात्याचे मोल सांगावयास नको. शिवाय, ज्याला बँकेच्या दारात कोणी उभे करीत नसे, अशा हातगाडीवाल्याच्या व मजुराच्या घरी जाऊन सहाराचा एजंट दिवसाची किरकोळ रक्कम गोळा करी. आपल्या पतसंस्थांची पिग्मी ज्यांनी भरली आहे, त्यांना या सोयीची किंमत कळेल.

तिसरी गोष्ट, आकडा एकटा सोडू नये. मार्च 2010 मध्ये सहाराने पुण्याचा संघ 37 कोटी डॉलर बोलीने घेतला. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा संघ 11 कोटी 19 लाख डॉलरला गेला होता, हे शेजारी लिहिले म्हणजे बोलीची उंची कळते. पुढे नियामक मंडळाशी वाद झाला. 94 सामने होतील या हिशेबाने आम्ही बोली लावली आणि सामने झाले 74, म्हणून रक्कम कमी करा, असे सहाराचे म्हणणे होते. आम्ही कित्येक करार टेबलावर बसून केले आहेत. कबूल केलेले काम घटले तर मोबदला घटावा, ही मागणी आमच्या कानाला अजिबात विचित्र वाटत नाही. पण तो वाद मिटला नाही. मे 2013 मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने स्पर्धा सोडली आणि ऑक्टोबरमध्ये संघ बरखास्त झाला. तीन हंगामांत संघ 46 सामने खेळला व त्यांतले 12 जिंकला. पुण्याजवळ गहुंजे येथील स्टेडियमला रॉय यांचे नाव दिले होते, परंतु ठरलेली रक्कम पुरी न आल्याने तेही उतरले.

आता अवघड भाग. ‘गरिबांच्या ठेवींवर क्रिकेटचा संघ उभारला’ हे वाक्य लिहिण्यास हात शिवशिवतो. आमच्या ‘दमडीही दिली नाही’ या वाक्याचेच ते भावंड आहे. कोणता पैसा कोणत्या खिशातून कोठे गेला, हे कागदावरून दाखवता येईल तेवढेच लिहावे. मात्र तारखा शेजारी शेजारी मांडावयास कोणाची हरकत? जून 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने सहाराच्या वित्तसंस्थेवर नव्या ठेवी घेण्याबाबत निर्बंध घातले. त्यानंतर सहाराच्या दुसऱ्या दोन कंपन्या कर्जरोखे देऊन लोकांकडून पैसा घेत होत्या. मार्च 2010 मध्ये पुण्याचा संघ आला आणि त्याच वर्षी लंडनमधील ग्रोव्हनर हाऊस हे हॉटेल 47 कोटी पौंडांना घेतले गेले. नोव्हेंबर 2010 मध्ये ‘सेबी’ने त्या कंपन्यांना लोकांकडून पैसा घेण्यास मनाई केली. वाचक शहाणा असतो. एवढी यादी वाचून कोणता प्रश्न विचारावा, हे त्याला कळते.

31 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की, सुमारे तीन कोटी गुंतवणूकदारांकडून घेतलेले 24 हजार कोटींहून अधिक रुपये पंधरा टक्के व्याजासह परत करावेत. सहाराने गुंतवणूकदारांचे कागद मुंबईस पाठवले. 31,669 खोकी, 127 ट्रक! पैसा मात्र आज्ञेप्रमाणे भरला गेला नाही, म्हणून मार्च 2014 मध्ये रॉय तिहार तुरुंगात गेले आणि मे 2016 मध्ये मातोश्रींच्या निधनानंतर पॅरोलवर सुटले. येथे शब्द जपून वापरावा. तो तुरुंगवास फसवणुकीच्या गुन्ह्याची शिक्षा नव्हती, पैसे भरण्याची आज्ञा न पाळल्याबद्दलची कोठडी होती. आणि ती साधीसुधी गोष्ट होती, असेही लिहू नये. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढ्या मोठ्या धनिकाला दोन वर्षे आत ठेवावे, हे आपल्याकडे किती वेळा घडले?

या चरित्राची खरी कसोटी एका आकड्यावर आहे. परताव्यासाठी उघडलेल्या खात्यात व्याजासकट सुमारे 25 हजार कोटी रुपये साठले. त्यांतून गुंतवणूकदारांना कित्येक वर्षांत मिळाले ते सुमारे 138 कोटी, कारण अर्जच वीस हजारांच्या आत आले. तीन कोटी माणसे, आणि अर्ज एवढेच! सहाराचे म्हणणे असे की, आम्ही बहुतेकांचे पैसे आधीच परत केले होते, मग मागावयास येणार कोण? संशय घेणारे म्हणतात, त्यांतली पुष्कळ नावेच खरी नव्हती. या दोन्ही बाजूंचे वकील मोठे. पण आम्हाला तिसरी शक्यता दिसते, ती आमच्या रोजच्या कामामुळे. भविष्यनिर्वाह निधीचे स्वतःच्या हक्काचे पैसे मागावयास न आलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. पावती घराच्या गळतीत भिजलेली, नाव एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे, बिऱ्हाड तीनदा हललेले, आणि अर्ज इंग्रजीत. जो आला नाही तो नव्हताच, असे म्हणणे सोपे आहे.

या तिन्हींपैकी कोणती शक्यता किती खरी, हे ठरवण्याआधी चरित्रकाराने तिन्ही मांडाव्यात आणि मग गावोगावी जाऊन पावत्या पाहाव्यात. जुलै 2023 मध्ये सहाराशी निगडित चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने अर्जांची वेगळी व्यवस्था केली, तेव्हा लाखो माणसांनी अर्ज केले. योजना वेगळी, संस्था वेगळ्या. म्हणून त्यावरून जुन्या कर्जरोख्यांचा निकाल लागत नाही. पण हाडामांसाचे ठेवीदार होते, आणि आपल्या पैशाची वाट पाहात होते, एवढे त्यातून निर्विवाद दिसते. आरंभी त्यांना दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम मिळे. 2024 मध्ये ती मर्यादा पन्नास हजार झाली.

समतोल चरित्र म्हणजे अर्धी स्तुती व अर्धी निंदा, अशी एक समजूत आहे. दुकानदार दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकत नाही. माल जितका भरेल तितका भरतो. चरित्रकाराने फक्त तराजू खोटा धरू नये. मालकाचे म्हणणे त्याच्याच सर्वांत चांगल्या शब्दांत लिहावे, त्याच्यापुढे कागद ठेवावा, आणि ज्यांची नावे कोणत्याही लोकप्रिय चरित्रात येत नाहीत त्या ठेवीदाराला, एजंटाला, कर्मचाऱ्याला साक्षीला बोलवावे. सहाराचा एजंटही बहुधा त्याच गल्लीतला असे. मुदत भरल्यावर शेजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड त्यालाच द्यावे लागले. मालकाच्या चरित्रात त्याला एक प्रकरण मिळावे, असे आम्हाला वाटते.

श्रोत्यांपैकी कोणी असे चरित्र लिहावयास घेतले, तर आमची एवढीच विनंती आहे. हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी ते दोघांना वाचून दाखवा. एक, त्या मालकावर प्रेम करणारा. दुसरा, ज्याचे पैसे अडकले तो. दोघेही म्हणाले, ‘माझे म्हणणे बरोबर लिहिले आहे,’ तर मग निकाल आपला आपण खुशाल लिहावा. तो कडक असला तरी फाटकावर पगारपत्रक चिकटवून कोणाला तो खोटा पाडता येणार नाही.