उसाच्या गवतातील बिबट्या

आफ्रिकेतील सॅव्हाना म्हटले, की मुलांच्या डोळ्यांपुढे सिंह, झेब्रे आणि जिराफ उभे राहतात. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील वर्गात मात्र हा धडा वेगळ्या प्रश्नाने सुरू करता येईल. सेरेंगेटीत राहणारा आणि आपल्या शिवारातही राहणारा मोठा शिकारी प्राणी कोणता? उत्तर द्यायला पुस्तक उघडावे लागत नाही. तेथील बिबट्या आणि इथला बिबट्या ही एकच प्रजाती आहे, ‘पँथेरा पार्डस’. फरक आहे तो फक्त उपप्रजातीचा.

सॅव्हाना म्हणजे उंच गवत, मधूनमधून झाडे आणि वर्षातून ठरावीक काळच पाऊस. एवढ्याशा गवतावर इतके प्राणी कसे जगतात, याचे उत्तर वाटणीत आहे. झेब्रा गवताचे वरचे राठ शेंडे आणि काड्या खातो. मागून येणारे वाइल्डबीस्ट खालची पाने खातात. त्यानंतर फुटलेल्या आखूड, कोवळ्या गवतावर थॉमसनचे हरीण जगते. खाणारे जितक्या प्रकारचे, तितक्याच प्रकारचे त्यांना खाणारेही असतात: सिंह, ठिपकेदार तरस, चित्ता, रानकुत्रे आणि बिबट्या.

पाणथळीचे गणितही असेच आहे. बोट्स्वानातील ओकाव्हांगोचा त्रिभुज प्रदेश ऐन कोरड्या ऋतूत पाण्याने भरतो, कारण दूर अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस तेथे पोहोचायला काही महिने लागतात. जुन्नर-आंबेगावात असेच काहीसे माणसाने घडवून आणले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांत अडतो आणि कालव्यांतून पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात उन्हाळ्यातही पोहोचतो. जेथे एके काळी बाजरी आणि माळरान होते, तेथे ऊस आला.

आता ऊस म्हणजे काय? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते गवतच. माणसाच्या दुप्पट उंचीचे, दाट, बारा ते अठरा महिने उभे राहणारे आणि भर उन्हाळ्यात हिरवे असणारे गवत! आडोशावाचून बिबट्याचे चालत नाही. भक्ष्याच्या अगदी जवळ दबकत जाऊन झडप घालायची, ही त्याची रीत. लांब पाठलाग त्याला जमत नाही. असा आडोसा, शेजारी पाणी, आणि बांधापलीकडे कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्या जंगल सोडून गावात ‘घुसला’ असे वर्तमानपत्रे लिहितात. आमच्या मते हा शब्द चुकीचा आहे. उसातच जन्मलेल्या आणि तेथेच वाढलेल्या जनावराने घुसायचे कोठून?

शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस आढळले. हा भाग जंगलाचा नव्हे, शेतीचा. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसांच्या वस्तीचा. विष्ठेच्या तपासणीवरून बिबट्यांचा आहारही कळला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या अन्नातील ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि त्यात सर्वाधिक, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या ११ टक्केच. गावाबाहेरच्या उकिरड्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या पोसला जातो, अशी ही साखळी आहे. विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवायला ती गवत-हरीण-सिंह या साखळीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

एक मोठा फरकही सांगितला पाहिजे. सेरेंगेटीतील बिबट्या आपली शिकार ओढत झाडावर नेतो, कारण खाली सिंह आणि ठिपकेदार तरसांच्या टोळ्या ती हिसकावून घेतात. आपल्याकडे ना सिंह, ना वाघ. आपला पट्टेरी तरस बहुधा एकटा हिंडणारा आणि मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगणारा. बिबट्याला दाबून ठेवणारा कोणीच उरलेला नाही. सॅव्हानात अनेक प्रकारचे शिकारी आणि अनेक प्रकारचे भक्ष्य असते; उसात एक गवत, एक मोठा शिकारी आणि भक्ष्य म्हणून आपलीच जनावरे. ताण येतो तो इथे, आणि त्याची किंमत काही घरांनी मूल गमावून चुकवली आहे. ती दुःखे आकड्यांत झाकू नयेत.

परंतु उपाय निवडताना आकडे पाहावेच लागतात. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून शेतशिवारातले बिबटे पिंजऱ्यात पकडून सुमारे ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यांतील अनेकांनी कोणावर हल्ला केलेलाच नव्हता. ते नुसते दिसले होते. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. असे का व्हावे? बिबट्या ठरावीक हद्दीत राहतो. तेथली पाण्याची जागा, लपण, माणसांच्या वेळा त्याला पाठ असतात. अनोळखी मुलखात सोडल्यावर तो बिथरतो, परतीची वाट शोधतो आणि वाटेत माणसांशी गाठ पडते. इकडे रिकामी झालेली त्याची हद्द दुसरा तरणा बिबट्या बळकावतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता बिबट्या तिथेच राहतो, फक्त बदलून येतो.

परतीच्या या ओढीचा पुरावा ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दिला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या या म्हाताऱ्या नराला रेडिओ गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, वसईची खाडी पार करून तो महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईच्या बोरिवली जंगलात पोहोचला. हे त्याचे मूळ घर असावे, असा तर्क आहे. २०११ मध्ये रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला.

शाळेच्या दृष्टीने ऊसतोडीचा हंगाम महत्त्वाचा. आडोसा एकाएकी नाहीसा होतो, मजुरांची लहान मुले फडाच्या कडेलाच असतात, आणि खाली बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्याच्या नजरेत लहान जनावरासारखे दिसते. संध्याकाळी मुलांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे. शौचासाठी एकट्याने उसाकडे जाऊ नये. शेळ्या रात्री बंद गोठ्यात असाव्यात. फडात बछडी सापडली तर उचलून घरी आणू नयेत, आणि आणलीच तर वनखात्याला लगेच कळवावे. पिले नाहीशी झाली की मादी त्याच शिवारात घिरट्या घालते आणि तेव्हाच ती सर्वांत धोक्याची असते. म्हणून वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्यक पिले तपासतात आणि अंधार पडता पडता सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात. माणसे लांब सरतात, कॅमेरा चालू राहतो. बहुतेक वेळा मादी येते, खोके उलटे करते आणि एकेक पिलू तोंडात धरून शेजारच्या उभ्या उसात घेऊन जाते.