सेल्फ फिरतो, पण ट्रक चालू होत नाही



रावेर-यावलकडे केळी कापून ट्रक भरला, ताडपत्री बांधली, ड्रायव्हरने चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही चालू होईना. कापलेला घड कुणासाठी थांबत नाही. उशीर झाला की दूरच्या बाजारात भाव पडलाच म्हणून समजा. अशा वेळी घाबरून सेल्फ मारत बसू नका. बॅटरी उतरेल आणि दुखणे तसेच राहील.

आधी कारण समजून घ्या. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. आतली हवा इतकी दाबली जाते, की ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडते अन् ते आपोआप पेटते. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरी बरी आहे. मग बहुतेक वेळा खोट डिझेलच्या वाटेत असते.

ओळखायचे कसे? सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही. धुळ्याकडच्या थंडीत पहाटे असे होते. इंजिन जुने, दाब कमी असेल तर जास्तच.

धूर नसेल तर क्रमाने बघा :

१. टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विसंबू नका, काडी घालून बघा.

२. जुन्या गाडीत इंजिन बंद करायची दोरी पूर्ण आत गेली आहे का?

३. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली जाते का? तसे असेल तर झाकणाचे छिद्र धुळीने बुजले आहे. ते साफ करा.

४. फिल्टरच्या तळाचे पाणी व गाळ काढा. फिल्टर चोंदला असेल तर बदला.

५. नळीत हवा शिरली आहे का? टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की हवा धरतेच. टाकी ते पंप ही नळी ओढीची असते. ती सैल असली तरी बाहेर थेंब दिसेलच असे नाही, उलट ती हवा आत घेते.

जुन्या गाडीची हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप मारा. आधी फेस येईल. बुडबुडे जाऊन सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. नंतर डिझेल पंपावरचा स्क्रू तसाच करा.

सांभाळा! गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला हवा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा. जवळ विडी नको, पेटता बोळा तर मुळीच नको. नोझलच्या नळ्या मिस्त्रीवर सोडा. तिथली बारीक धार कातडीतून आत शिरते. तसे झालेच तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत दाबाच्या नळ्यांना हात लावूच नका. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच हवा काढा.

एवढे करूनही इंजिन बोलले नाही, तर मिस्त्रीला बोलवा. काय काय तपासले, धूर कसा होता, ते त्याला सांगा. त्याचा तास वाचेल, तुमचा माल वाचेल. अन् पुढच्या खेपेला घड कापण्याआधीच एकदा गाडी चालू करून बघा!